मार लागलेले मूत्रपिंड आणि ‘सर्व ठीक’ हा शेरा

सायकलवरून पडताना हँडल पोटात घुसते, झाडावरून पडताना बरगड्यांखाली मार बसतो, रस्त्यावरच्या अपघातात कुशीत जोराचा धक्का बसतो. कातडी फाटत नाही, बाहेर रक्त दिसत नाही. पण काही वेळाने मुलाला लाल लघवी होते. अशा इजेला वैद्यकात बोथट इजा म्हणतात. मुलांच्या मूत्रपिंडाला होणाऱ्या इजांपैकी सुमारे ९० टक्के इजा बोथट माराच्याच असतात. मूल रुग्णालयात जाते, काही दिवस बिछान्यात पडून राहते आणि बहुतेक वेळा शस्त्रक्रियेशिवाय घरी परतते. पुढे त्याच्या मूत्रपिंडाचे काय होते? या प्रश्नावरचे अनेक शोधनिबंध गेल्या काही दशकांत प्रसिद्ध झाले आहेत. त्यांतील बहुतेकांचा सूर एका वाक्यात सांगता येतो: ‘मूत्रपिंडाचे दीर्घकालीन कार्य चांगले राहते.’

या लेखात आपल्याला हे वाक्य तपासायचे आहे. ते खोटे आहे असे मुळीच नाही. पण त्यात ‘दीर्घकालीन’, ‘कार्य’ आणि ‘चांगले’ असे तीन वजनदार शब्द आहेत आणि तिन्ही शब्द आपण समजतो त्यापेक्षा बरेच कमी सांगतात. शिक्षकांनी यात का पडावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. इजा झालेले मूल रुग्णालयात आठवडा-दोन आठवडे असते. शाळेत ते पुढची आठ-दहा वर्षे असते. त्याला मैदानावर सोडायचे की नाही, हा प्रश्न डॉक्टरांपेक्षा शिक्षकांपुढे अधिक वेळा येतो. शिवाय आकड्यांवरून निष्कर्ष कसा काढावा आणि कसा काढू नये, हे विज्ञानाच्या तासाला शिकवण्यासाठी याहून जिवंत उदाहरण मिळणे कठीण.

आधी यशाची नोंद

मोठ्या माणसापेक्षा मुलाच्या मूत्रपिंडाला (पाठ्यपुस्तकातले वृक्क ते हेच) इजा होण्याचा संभव अधिक असतो. शरीराच्या मानाने ते मोठे असते, त्याच्याभोवती चरबीची गादी पातळ असते, पोटाचे स्नायू कोवळे असतात आणि खालच्या बरगड्या पूर्ण टणक झालेल्या नसतात. त्यातच एखाद्याच्या मूत्रपिंडात जन्मतः अडथळा असून ते फुगलेले असेल, तर साध्या धक्क्यानेही ते फाटू शकते.

इजेच्या तीव्रतेसाठी अमेरिकेतील अपघात-शल्यविशारदांच्या संघटनेने १९८९ साली पाच श्रेणी ठरवल्या. पहिल्या श्रेणीत नुसता मुका मार किंवा आवरणाखाली साकळलेले रक्त. दुसरीत एक सेंटिमीटरपेक्षा कमी खोल चीर. तिसरीत त्याहून खोल. चौथीत चीर मूत्र साठणाऱ्या पोकळीपर्यंत पोचून मूत्र बाहेर झिरपते. पाचवीत मूत्रपिंडाचे तुकडे होतात किंवा मुख्य रक्तवाहिनीच तुटते. २०१८ साली या श्रेणींत सुधारणा झाली. तरी चढत्या तीव्रतेची ही शिडी तशीच आहे.

पूर्वी मोठी इजा म्हटली की पोट उघडले जाई आणि रक्तस्राव थांबवण्याच्या घाईत पुष्कळदा मूत्रपिंडच काढून टाकावे लागे. ‘थांबा, लक्ष ठेवा, घाई करू नका’ हा विचार मुलांच्या बाबतीत आधी प्लीहेच्या इजांसाठी पुढे आला. टोरंटोच्या बालरुग्णालयातील अनुभवावर आधारित असा महत्त्वाचा निबंध १९६८ साली उपाध्याय आणि सिम्पसन यांनी प्रसिद्ध केला. त्यांपैकी उपाध्याय हे भारतीय बालशल्यविशारद होते. १९७१ साली पहिल्या रुग्णावर वापरल्या गेलेल्या सीटी स्कॅनमुळे पोट न उघडताच आतली इजा दिसू लागली आणि हा विचार यकृत व मूत्रपिंडापर्यंत पोचला. २०१९ साली अमेरिकेतील दोन संघटनांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूत्रांत, मुलाचे रक्ताभिसरण स्थिर असेल तर कोणत्याही श्रेणीच्या बोथट इजेत शस्त्रक्रिया टाळावी, अशी ठाम शिफारस आहे.

हे यश मोठे आहे. अनेक मुलांची मूत्रपिंडे त्यामुळे वाचली. आपली शंका उपचारावर नाही. त्यानंतर मारल्या जाणाऱ्या ‘सर्व ठीक’ या शेऱ्यावर आहे.

‘कार्य’ कशाने मोजले?

मूत्रपिंडाचे मुख्य काम रक्त गाळण्याचे. एका मिनिटात किती मिलिलिटर रक्तद्रव गाळला जातो, तो गाळणदर. तो थेट मोजणे किचकट असते, म्हणून व्यवहारात रक्तातील क्रिएटिनीन मोजतात. क्रिएटिनीन स्नायूंतून सतत तयार होते आणि मूत्रपिंडातून बाहेर पडते. गाळणी मंदावली की ते रक्तात साठते. कल्पना चांगली आहे. पण या फूटपट्टीला दोन खोडी आहेत.

पहिली खोड गणिती आहे. क्रिएटिनीन आणि गाळणदर यांचे नाते व्यस्त प्रमाणाचे आहे. मुलांसाठी २००९ साली सुधारलेले श्वार्ट्झ सूत्र असे आहे: उंची सेंटिमीटरमध्ये घ्यावी, तिला ०.४१३ ने गुणावे आणि रक्तातील क्रिएटिनीनने (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) भागावे. उत्तर प्रमाणित शरीरपृष्ठासाठी मिळते. आता १२० सेंटिमीटर उंचीचे मूल घेऊ. क्रिएटिनीन ०.५ असेल तर गाळणदर येतो ९९. ते ०.६ झाले तर ८३. ०.७ झाले तर ७१. म्हणजे क्रिएटिनीनमध्ये ०.२ ची क्षुल्लक वाटणारी वाढ झाली आणि गाळणक्षमता चौथ्या हिश्शाहून अधिक घटली. आणि १.० झाले तर? उत्तर येते सुमारे ५०, म्हणजे जवळजवळ निम्मे. प्रौढांसाठी क्रिएटिनीनची वरची मर्यादा साधारण १.२ च्या आसपास धरतात. प्रयोगशाळेच्या कागदावर हीच मर्यादा छापलेली असेल, तर आठ वर्षांच्या मुलाचे १.० ‘मर्यादेत’ दिसेल; पालक सुटकेचा निःश्वास टाकतील, आणि मुलाची गाळणी मात्र निम्म्यावर आलेली असेल.

दुसरी खोड शारीरिक आहे. क्रिएटिनीन स्नायूंतून येते, म्हणून मूल वाढते तसे ते नैसर्गिकपणेच थोडे वाढते. उलट, महिनाभर अंथरुणात पडून स्नायू रोडावले तर क्रिएटिनीन कमी होते आणि मूत्रपिंड सुधारल्याचा भास होतो. सूत्रात उंची घातली आहे ती वाढीचा हा परिणाम वजा करण्यासाठी. पण उंचीवरून स्नायूंचा अंदाजच बांधता येतो. सिस्टॅटिन-सी नावाचे दुसरे प्रथिन मोजले तर स्नायूंचा हा गोंधळ बराच टळतो.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. मूत्रपिंडे दोन आहेत. एक जखमी झाले तर दुसरे काही आठवड्यांत आकाराने आणि कामाने वाढते. बैलजोडीतला एक बैल लंगडू लागला तर दुसरा जोर लावतो आणि गाडी चालत राहते. लांबून पाहणाऱ्याला काही कळत नाही. क्रिएटिनीन ही गाडीच्या वेगाची नोंद आहे. कोणता बैल किती ओढतो ते ती सांगत नाही. तेव्हा ‘क्रिएटिनीन ठीक आहे’ यावरून ‘जखमी मूत्रपिंड बरे झाले’ असे म्हणता येत नाही.

टक्केवारीचा चकवा

ही उणीव भरून काढण्यासाठी चांगल्या अभ्यासांत डीएमएसए स्कॅन करतात. टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचा, सहा तास अर्धायुष्य असलेला समस्थानिक एका रसायनाला जोडून शिरेतून देतात. मूत्रपिंडाच्या नलिकांतील पेशी ते धरून ठेवतात. मग कॅमेऱ्याने मोजता येते की, एकूणापैकी किती टक्के रसायन डाव्या मूत्रपिंडात गेले आणि किती उजव्या. व्रण पडलेली जागाही रिकामी दिसते. निरोगी माणसात ही वाटणी साधारण ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असते. या स्कॅनमधून एक गोष्ट वारंवार दिसली आहे: पहिल्या तीन श्रेणींत वाटणी बहुधा सामान्य राहते, चौथ्या-पाचव्या श्रेणीत जखमी बाजूचा वाटा घटतो आणि व्रण राहतात. म्हणजे ‘कार्य चांगले राहते’ हे विधान सर्व श्रेणींना सारखेच लागू नाही. सौम्य आणि तीव्र इजा एकत्र करून काढलेली सरासरी तीव्र इजा झालेल्या मुलाबद्दल फारसे सांगत नाही.

पण टक्केवारी वाचतानाही सावध राहावे लागते. समजा, आधी दोन्ही मूत्रपिंडे ५० आणि ५० एवढे काम करत होती. इजेनंतर एक ३० वर आले. दुसरे अजून ५० वरच आहे. वाटणी आली ३७.५ आणि ६२.५ टक्के. सहा महिन्यांनी दुसरे मूत्रपिंड वाढून ६० काम करू लागले. जखमी अजूनही ३० वरच आहे. आता वाटणी ३३ आणि ६७. कागदावर जखमी मूत्रपिंड खालावलेले दिसते. प्रत्यक्षात त्याला काहीही झालेले नाही, शेजाऱ्याचे गुण वाढले एवढेच. आता उलटे उदाहरण घ्या. अपघातात दोन्ही बाजूंना मार बसून दोन्ही मूत्रपिंडे ३५ वर आली. वाटणी येते ५०-५०, अगदी आदर्श! एकूण काम मात्र ३० टक्क्यांनी घटलेले आहे.

थोडक्यात, क्रिएटिनीन एकूण सांगते पण वाटणी सांगत नाही. स्कॅन वाटणी सांगतो पण एकूण सांगत नाही. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय ‘कार्य’ या शब्दाला अर्थ येत नाही. आणि इजेपूर्वीचा आकडा तर जवळजवळ कधीच नसतो. निरोगी मुलाचा स्कॅन कोण करून ठेवणार?

‘चांगले’, पण कोणाच्या तुलनेत?

येथे मूत्रपिंडदात्यांची हकिगत उद्बोधक आहे. एक मूत्रपिंड असूनही माणूस जगू शकतो हे १८६९ साली हायडेलबर्गच्या गुस्टाव्ह सिमॉनने नियोजनपूर्वक एक मूत्रपिंड काढून दाखवले. पुढे प्रत्यारोपणाच्या युगात हजारो निरोगी माणसांनी एक मूत्रपिंड दान केले. दात्यांची तुलना सर्वसाधारण लोकसंख्येशी केली तर त्यांच्यात मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण जास्त आढळत नव्हते. निष्कर्ष सोपा वाटला: एक मूत्रपिंड गेले तरी बिघडत नाही.

पण दाते हे पारखून घेतलेले लोक असतात. मधुमेह, रक्तदाब, मूत्रविकार असलेल्यांना दान करूच देत नाहीत. २०१४ साली अमेरिकेतील ९६ हजारांहून अधिक दात्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आयुष्यभरात मूत्रपिंड निकामी होण्याचा अंदाज असा निघाला: सर्वसाधारण लोकांत दहा हजारांमागे ३२६, दात्यांत ९०, आणि दात्यांइतक्याच निरोगी पण दान न केलेल्या लोकांत १४. पहिल्या आकड्याशी तुलना केली तर दाता सुरक्षित दिसतो. तिसऱ्याशी केली तर त्याचा धोका सहापट दिसतो. दोन्ही तुलना खऱ्या आहेत. प्रश्न एवढाच की आपण कोणता प्रश्न विचारला होता. यात भीती घालण्यासारखे काही नाही. ९० म्हणजे शंभरात एकापेक्षाही कमी. पण ‘काहीच फरक पडत नाही’ आणि ‘थोडा फरक पडतो, तो लक्षात ठेवावा’ या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे.

जखमी मूल हे दात्यासारखे पारखून घेतलेले नसते. त्याच्यात जन्मजात दोष असण्याचा संभव उलट अधिक, कारण दोष असलेले मूत्रपिंडच सहज फाटते.

शून्याचा अर्थ

या विषयावरच्या बहुतेक अभ्यासांत मुलांची संख्या लहान असते. त्यात कोणाचाही दोष नाही. तीव्र इजा सुदैवाने विरळ आहेत. पण समजा, एका अभ्यासात २० मुले पाहिली आणि एकालाही उच्च रक्तदाब आढळला नाही. मग लिहिले जाते: ‘या इजेनंतर उच्च रक्तदाब होत नाही.’

हे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. समजा, उच्च रक्तदाबाचे खरे प्रमाण १० टक्के आहे. मग एका मुलाला तो नसण्याची संभाव्यता ०.९. वीसही मुलांना नसण्याची संभाव्यता ०.९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.१२. आठ अभ्यासांपैकी एका अभ्यासात निव्वळ योगायोगाने शून्य येईल! संख्याशास्त्रज्ञ यासाठी ‘तीनचा नियम’ सांगतात: ‘न’ जणांत एकही घटना घडली नाही, तर खरे प्रमाण सुमारे ३ भागिले ‘न’ पर्यंत असू शकते. वीस मुलांसाठी ते १५ टक्के येते. म्हणजे वीसपैकी शून्य याचा प्रामाणिक अर्थ ‘शून्य टक्के’ असा नसून ‘शून्य ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान काहीही’ असा आहे.

शिवाय ही वीस मुले कोण? पुन्हा तपासणीला आलेली. जी आली नाहीत, ज्यांचे घर दूर होते, ज्यांच्या पालकांचा रोज बुडत होता, ती या आकड्यांत नाहीत. ती सारी ठणठणीत असतील म्हणून आली नाहीत, असे मानायला काही आधार नाही.

‘दीर्घकालीन’ म्हणजे किती वर्षे?

आठ वर्षांच्या मुलाचा तीन वर्षे पाठपुरावा केला तर ते अकरा वर्षांचे होते. त्या मूत्रपिंडाला अजून साठ वर्षे काम करायचे आहे. तीन वर्षांच्या नोंदीला दीर्घकालीन म्हणणे म्हणजे पहिल्या षटकावरून कसोटी सामन्याचा निकाल सांगणे होय.

हा काळ महत्त्वाचा का, हे शरीरशास्त्रातून कळते. एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन असतात. ते जन्मापूर्वीच, गर्भावस्थेच्या सुमारे छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तयार होतात. नंतर एकही नवा नेफ्रॉन निर्माण होत नाही. मूल वाढते, नेफ्रॉन आकाराने वाढतात, संख्या वाढत नाही. काही नष्ट झाले तर उरलेल्यांवर भार येतो. १९८२ साली ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी मांडले की, या वाढीव दाबामुळे उरलेले केशिकागुच्छ हळूहळू कठीण होत जातात आणि मग त्यांच्याही शेजाऱ्यांवर भार वाढतो. या विचाराचा पाया उंदरांवरच्या प्रयोगांत होता आणि त्यांत मूत्रपिंडाच्या उतींचा बराच मोठा भाग काढलेला होता. जखमी मुलात एवढा नाश क्वचित होतो. म्हणून तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण प्रक्रिया संथ आहे आणि तीन वर्षांत ती दिसणार नाही, एवढे नक्की.

दुसरी वाट रक्तदाबाची. १९३९ साली अर्विन पेज यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला. त्याभोवती जाड कवच तयार झाले, मूत्रपिंड दाबले गेले आणि प्राण्याचा रक्तदाब वाढला. जखमी मुलाच्या मूत्रपिंडाभोवती साकळलेले रक्त किंवा व्रण हेच काम करू शकतो. दाबामुळे रक्तपुरवठा घटला की मूत्रपिंड रेनिन सोडते. त्यातून निर्माण होणारे अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि सबंध शरीराचा रक्तदाब चढतो. हे थोड्याच मुलांत घडते, पण काही वेळा अपघातानंतर महिन्यांनी किंवा वर्षांनी उघडकीस येते. मुलाला काहीच जाणवत नाही. म्हणूनच वर उल्लेखलेल्या २०१९ च्या सूत्रांत, इजेनंतर रक्तदाबाची नियमित तपासणी करावी, अशीही ठाम शिफारस आहे. ‘सर्व ठीक’ या शेऱ्याने सर्वात आधी बंद पडते ती नेमकी हीच तपासणी.

मग शिक्षकांनी काय करावे?

पहिली गोष्ट, मुलाला मैदानाबाहेर बसवून ठेवू नये. वरील टीकेतून असा अर्थ काढला तर तो दुसऱ्या टोकाचा अन्याय होईल. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या खेळाडूंची १९९५ ते १९९७ या काळातील नोंद उपलब्ध आहे. त्यात ४४ लाख वेळा मुले सराव वा सामन्यासाठी मैदानावर उतरली. मूत्रपिंडाच्या इजा झाल्या १८, आणि कोणाचेही मूत्रपिंड काढावे लागले नाही. डोके आणि गुडघे यांच्या इजा याहून कितीतरी अधिक होत्या. जखम भरून आल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली की मुलाने खेळावे. जोराच्या धक्काबुक्कीचा एखादा खेळ वगळायचा की नाही, हे त्याच्या मूत्रपिंडाची स्थिती पाहून डॉक्टरांनी ठरवावे. शाळेच्या भीतीने ठरू नये.

दुसरी गोष्ट, वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजला जातो आहे ना, हे पालकांना विचारावे. २०१३ साली पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांना भेट देतात. पथकाला अशा मुलाबद्दल आधी सांगून ठेवावे. मात्र रक्तदाबाचा पट्टा मुलाच्या दंडाच्या मापाचा हवा. मोठ्या पट्ट्याने आकडा खोटा कमी येतो, लहान पट्ट्याने खोटा जास्त. आणि मुलाचा आकडा वय, लिंग व उंची यांच्या तक्त्याशी ताडून पाहावा लागतो. १२५ वर ८२ हा प्रौढात फारशी खळबळ न माजवणारा आकडा आठ वर्षांच्या मुलात स्पष्टपणे जास्त आहे.

तिसरी गोष्ट, इजेची श्रेणी, स्कॅनचा अहवाल आणि क्रिएटिनीनचे आकडे असलेले कागद जपून ठेवायला पालकांना सांगावे. इजेपूर्वीचा आकडा मिळणार नाही. निदान नंतरचा पहिला आकडा हरवू नये. तीस वर्षांनी एखाद्या डॉक्टरला त्याचा उपयोग होईल.

शोधनिबंधातील त्या वाक्याच्या जागी मग कोणते वाक्य लिहावे? माझ्या मते, असे: ‘सौम्य इजेनंतर मूत्रपिंड बहुधा पूर्ववत होते, तीव्र इजेनंतर त्याचा काही भाग कायमचा जातो, दुसरे मूत्रपिंड ती उणीव बहुतांशी भरून काढते, आतापर्यंतचे निरीक्षण थोड्या मुलांचे आणि थोड्या वर्षांचे आहे, म्हणून रक्तदाब पाहत राहावे.’ हे वाक्य लांब आहे, पहिल्याइतके दिलासा देणारेही नाही. पण ते वाचून कोणी मुलाला घरी डांबून ठेवणार नाही आणि त्याचा रक्तदाब मोजायला विसरणारही नाही.